हळदीची गाडी

टेमघर, भिवंडी
मे २००८

प्रिय चांगदेव,

तू मोबाइल उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आपल्या दोघांमध्ये आजवर कधी मध्यस्थ लागला नव्हता. आता माझे दाजी मोटरसायकलवरून अकलोली ते टेमघर फेऱ्या मारतात, तुझा निरोप मला आणि माझा तुला पोचवतात, आणि दोन्हींत स्वतःची भर घालतात. तू ‘बघू’ म्हणालेला असतोस, ते माझ्या ओटीवर येईपर्यंत ‘नाही’ होतं. माझं साधं ‘नाही’ तुझ्या घरी पोचतं तेव्हा त्यात तुझ्या वाडवडिलांचा उद्धारही आलेला असतो, असं मला कळलंय. म्हणून हा कागद थेट तुझ्या हातात पडेल अशी व्यवस्था केलीय. याआधी दोन पत्रं लिहिली होती. कमळाने बायकोच्या हक्काने वाचली आणि म्हणाली, “हे पत्र आहे की सभा?” दोन्ही तिनेच चुलीत घातली. हे तिसरं. तरी तुला सांगून ठेवतो, मी आधी चिडून घेणार आहे आणि मग कामाचं लिहिणार आहे. तू मला ओळखतोस. उलटं करायला गेलो तर दोन्ही नीट होत नाही.

चिडायला सुरुवात माझ्या घरापासूनच करतो. पूर्वीने गोदामातली हिशेबाची नोकरी सोडली आणि आपल्या रस्त्याकडेच्या जागेत ‘आपली गाडी आपण धुवा’ असं केंद्र काढते म्हणाली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. गोदामवाल्यांना जमिनी देऊन भाड्यावर जगणाऱ्या आमच्या भावकीत एक पोरगी स्वतःचा धंदा उभा करते, याचा मला अभिमान होता. कल्पनाही मला पटली. खिडकीत टोकन घ्यायचं, यंत्रात टाकायचं, पाण्याची बंदूक हातात घ्यायची. आधी पाणी, मग फेस, मग पुन्हा पाणी. ज्याची गाडी त्याचे हात. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी जन्मभर बोललो आणि माझ्या लेकीने ती सिमेंटमध्ये बांधून दाखवली, असं मी उद्घाटनाला म्हणालो. तू पहिल्या रांगेत बसून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होतास, हे मी विसरलेलो नाही.

आणि आपली माणसं कशी वागली? गाड्या धुवायचे चार कप्पे बांधले, त्यांना लोक मोऱ्या म्हणायला लागले. गाडी मोरीत घालायची, काच खाली करायची आणि हॉर्न वाजवायचा. कुणी आलं नाही की पुन्हा हॉर्न. “धुनारा कुठं गेला?” पूर्वी हसून सांगायची, काका, इथे तुम्हीच धुवायची. “आमी धुवाची? मंग पैशे कशाचे घेतंस, पोरी?” गळ्यात अंगठ्याएवढी साखळी, दारात तीन गाड्या, आणि स्वतःच्या गाडीवर पाणी मारायचं म्हटलं की यांचा वंश बुडतो! यांचे आजोबा खाडीत कमरेएवढ्या चिखलात उभे राहून मीठ काढत होते. सगळ्यांत शहाणी निघाली ती आमच्या आळीतली गोदू. तिने टोकन घेतलं, गोधडी भिंतीला टांगली, फेस मारून लख्ख धुतली आणि मला म्हणाली, “केसरीनाथ, पोरीनं बेस काम केलं.” केंद्राचं तत्त्व कळलेली ती एकटीच होती.

मग केमिकलचा घोळ. ते विकणारे सतरा लोक आले. ठाण्याचा आला, वाशीचा आला, एक दुबईचं चकचकीत पुस्तक घेऊन आला. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत गुलाबी, निळे, हिरवे नमुने. ओटीवर सरबताचं दुकान लागल्यासारखं. प्रत्येकाचं म्हणणं, याच्यासारखं दुसरं नाही. पूर्वीचा प्रश्न साधा होता. भिवंडीतल्या गाडीवर नुसती धूळ नसते. यंत्रमागांच्या गाळ्यांतून रुई उडते, मागाच्या तेलात भिजते आणि पत्र्याला अशी चिकटते की नखानेही निघत नाही. साध्या शाम्पूने ती फक्त ओली होते. ती काढेल असं एक आम्ल होतं आणि एक सोड्याच्या जातीचा फेस होता. पूर्वीने दोन्ही वापरून पाहिले. आम्लाने काम झटकन होत होतं.

आम्लाचं नाव निघालं आणि मी उभा राहिलो. कपडे रंगवणाऱ्यांचं पाणी खाडीत जातं म्हणून तू आणि मी पोलिसांच्या गाडीत बसलो होतो, आठवतं ना? पांढरी पोटं वर करून पडलेली बोयट मासळी मी विसरू शकत नाही. मी म्हणालो, माझ्या जागेतून आम्लाचा एक थेंब गटारात जाणार नाही. पोरगी म्हणाली, बाबा, सोडा तरी काय अमृत आहे का? मी तीन पुस्तकं काढून बसलो आणि तिला इतकं समजावलं, इतकं समजावलं, की शेवटी तिने कानावर हात ठेवून सोड्याच्या फेसाचा पिंप मागवला. चांगदेव, आता तुला हसायला परवानगी आहे. गावोगावी ताटलीत हळद घेऊन, तिच्यावर चुना टाकून, ती लाल करून दाखवण्यात मी निम्मं आयुष्य घालवलं. आणि त्याच माणसाने, ज्या गावात लग्नसराईत गाड्यांनाही हळद लागते तिथे, सोड्याचा फेस निवडला! कमळा रोज सकाळी चहाबरोबर हे मला एकदा ऐकवते. “गावाला शिकवलंन, घरात इसरलंन.”

आता आपल्या पोरांच्या लग्नाचा दिवस. तू तिथेच होतास, तरी लिहितो, कारण मला काय दिसलं ते तुला कळायला हवं.

आदल्या संध्याकाळी तुमच्या अंगणात तुझ्या भाविकला हळद लागली, आणि त्याच्या मित्रांनी त्याच्याबरोबर त्याच्या पांढऱ्या गाडीलाही नवरा केलं. बॉनेटवर पंजे, दारांवर पंजे, काचेवर स्वस्तिक. सकाळी वऱ्हाड निघालं, आणि नवरदेव मांडवात मळक्या गाडीतून कसा उतरणार म्हणून पंधरा-वीस गाड्या आधी पूर्वीच्या केंद्रावर थांबल्या. “सासऱ्याकडची धुलाई, फुकटात उरका,” असं कुणीतरी ओरडलं म्हणे. मला त्याचंही कौतुकच वाटलं असतं. पोरांनी स्वतःच्या हातांनी फेस मारला. फेस थोडा वेळ राहू द्या, अशी पाटी तिथे मीच रंगवून लावलीय. माझी एक पाटी आयुष्यात लोकांनी पाळली, ती ही! पोरं शेजारी उसाचा रस प्यायला गेली. फेस खाली घसरला तेव्हा पांढऱ्या बॉनेटवर पिवळ्याच्या जागी लाल पंजे होते, आणि गाडीखालून लाल पाणी गटाराकडे चाललं होतं.

पहिली किंकाळी आक्काची. ती तुझी थोरली बहीण, नवऱ्यामागे एकटी पडलेली, लेक मनोज गेल्यापासून तर तुझ्याच आधाराने राहणारी. “गारीला रगत सुटलाय!” मग सगळेच ओरडायला लागले. मला निरोप आला तेव्हा मी मांडवात होतो. डोक्याला फेटा तसाच ठेवून धावत आलो, पंपाच्या ओट्यावर चढलो आणि बोलायला लागलो. हळदीतलं द्रव्य काय, सोडा काय, लाल का होतं, पुन्हा पिवळं कसं होतं. मी चांगलं बोललो, चांगदेव. तेवढं चांगलं मी टाऊन हॉलमध्येही कधी बोललो नसेन. खालून तुमचा कुणी मोरू की कोण म्हणाला, “शेट, भाषान मागशी द्या, आदी ह्या गारीचा काय त्या सांगा.” दुसरा म्हणाला, “माईक आना रं कुनीतरी.” मी गाडीचंच सांगत होतो! मी ओट्यावरून उतरलो तोवर निम्म्या गाड्या परत फिरल्या होत्या. मांडवात गाणी म्हणायला आलेली धवलारीण पान लावत बसून राहिली. हातात हिरवा चुडा भरलेली माझी पोरगी दारात उभी राहून मला विचारत होती, “बाबा, कुणी समजावून नाही का सांगितलं?” मी काय सांगू तिला? मीच सांगितलं होतं.

आणि तू? तू मागच्या चाकापाशी उभा होतास. नजर गटाराकडे. मी सगळ्यांसमोर तुला हाक मारली. चांगदेव, सांग यांना! तू माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. लाल पंजे मी विसरेन, आक्काची किंकाळी विसरेन, पण तुझी ती पाठ विसरता येत नाही. भगताच्या अंगात यायचं, तो हळदीचं पाणी लाल करून घरातल्या सुनेच्या नावाने खडे फोडायचा, तेव्हा त्या आळीत जाऊन ताटली कोण धरायचं? तू. चुना कोण चोळायचं? तू. मी नुसता बोलायचो. लोक माझ्या तोंडाकडे बघत नसत, तुझ्या हातांकडे बघत. दुगाडला आपल्याला दगड पडले तेव्हा तू ताटली डोक्यावर धरलीस आणि म्हणालास, चला, एका वस्तूचे दोन उपयोग. त्या माणसाला त्या दिवशी काय झालं होतं? एक वाक्य. “अरे, हळद आहे ती.” तुझं एक वाक्य पुरलं असतं.

त्यानंतर आले ते दाजींचे निरोप. केंद्राची शांत करा आणि तो पिंप गटारात ओता, म्हणजे आक्का तयार होईल. यातलं मला जास्त कशाने चिडवलं असेल, सांग? शांत मी करणार नाही. एवढ्यासाठीच माझा जन्म गेलाय. पोरीचं लग्न अडलं म्हणून मी होमाला बसलो, तर ज्या सुनांना आपण भगतांच्या तावडीतून सोडवलं त्यांना कुठल्या तोंडाने भेटू? आणि पिंप गटारात ओता? ते गटार कुठे जातं, हे तू मला विचारायला लावतोस? तू? मी दाजींना जे उत्तर दिलं ते त्यांना वाढवायची गरज पडली नसेल.

इकडे पूर्वीचे काय हाल झाले ते तुला दाजी सांगणार नाहीत. केंद्राला लोक ‘रगताची मोरी’ म्हणतात. गाड्या येतात, पण बघायला. बायका पूर्वीकडे पाहतात आणि गप्प होतात. हिच्या हातच्या केमिकलने हिच्याच नवऱ्याची हळद नासली, असं त्यांच्या गप्प बसण्यातही ऐकू येतं. मी म्हणालो, मी जाहीर सभा घेतो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आता काही घेऊ नका.” आणि मला न सांगता, एसटीने, एकटी तुमच्या अकलोलीला गेली.

तिने काय केलं ते तुला ठाऊकच असेल. तरी लिहितो, कारण मला ते लिहायला आवडतं. ती थेट मागच्या दारी गेली. आक्का धुणं धूत होती. पूर्वीने स्वतःच्या पदराला हळद पुसली आणि दगडावर ठेवून साबणाची वडी फिरवली. पदर लाल झाला. आक्काने पाहिलं आणि म्हणाली, “त्यात काय? हळदीचा डाग साबनाला लालच व्हतो. वाळला की जातो.” मग आक्का, त्या दिवशी गाडीला काय झालं होतं, असं आपण विचारलं असतं. पूर्वी एवढंच म्हणाली, आक्का, गाडीलाही साबणच लावला होता. “आगो, गारीला साबन लावतात? आमी तं नुसता पानी मारतो!” आणि कपाळावर हात मारून तिने पूर्वीला खसकन जवळ ओढलं. तीन पुस्तकं आणि एक फेटा घालून जे मला जमलं नाही, ते धुण्याच्या दगडावर झालं. चिडू की नाचू? कपड्यावर रोज दिसणारी गोष्ट पत्र्यावर दिसली की रक्त होते, अशी आपली माणसं!

आक्का राजी झाली, म्हणजे आता सगळं सुरळीत, असं मला वाटलं. पूर्वी परत आली ती उदास. म्हणाली, आक्का मला ओट्यावर घेऊन आल्या, तेव्हा काका पदरावरचा लाल डाग बघून उठले आणि वाडीत निघून गेले. मी निघेपर्यंत परत आले नाहीत. ते ऐकून मी पुन्हा भडकलो. पहिलं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं.

माझा राग इथे संपतो. म्हणजे संपायला लागला, तो परवा.

परवा भाविक आला. त्याला दोष देऊ नकोस. तो मला भेटायला आला नव्हता, पूर्वीला भेटायला आला होता. तिने त्याला गाडी धुवायच्या कप्प्यात नेऊन उभं केलं आणि विचारलं, तुझ्या वडिलांना हळद माहीत नाही का? तेव्हा तो बोलला. नाशिक हायवेवरच्या अपघातातली मनोजची गाडी पोलिसांनी सोडली ती त्याच्या दहाव्याला. तुमच्या अंगणात शोकसभा चालू होती. आक्काला ती गाडी दिसू नये म्हणून तू ती टेम्पोला बांधून मागच्या बाजूने वाडीत नेलीस आणि पाइप लावून स्वतः धुतलीस. गाडी पांढरी होती. वाळलेलं आतून सुटेना म्हणून तू धुण्याची पावडर टाकलीस. आणि मग पाणी बराच वेळ लाल येत राहिलं. पाइपचं दुसरं टोक भाविकने धरलं होतं. तू त्याला शपथ घातलीस, आक्काला कळता कामा नये. आजवर कुणालाच कळलं नव्हतं.

त्या शोकसभेत मी बोलत होतो, चांगदेव. रस्त्यांवर, वेगावर, तरुण पिढीवर. मध्येच तुला शोधलं आणि तू दिसला नाहीस.

भाविकने हे सांगितलं तेव्हा पूर्वी तडक कामाला लागली. सोड्याच्या फेसाच्या पिंपाला टाळं लावून तिने तो मागे ठेवला; तो आता फक्त चाकांना आणि गाडीच्या पोटाला, आणि तोही तिच्या स्वतःच्या हाताने. मग भंगारवाल्याकडून एक जुनं पांढरं बॉनेट आणलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. कमळा वाटीत हळद कालवते, पूर्वी पंजा उठवते, सुकू देते आणि वरून एकेक शाम्पू मारते. वाशीच्या माणसाचा लाल झाला. ठाण्याच्याचा विटकरी. दुबईच्या पुस्तकातला तर फेस लागता क्षणी पेटला. सोड्याचा नाही, आम्लाचाही नाही, असा एक शाम्पू तिला मिळाला आहे. महाग आहे. रुई त्याने सहज निघत नाही, फडक्याने घासावी लागते, आणि ‘आमी घासाची?’ म्हणून हॉर्न वाजणार आहेत. मी तिला विचारलं, धंद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? ती म्हणाली, “बाबा, काकांना इथे उभं राहता यायला हवं ना?”

म्हणून लिहितोय. शांत होणार नाही, ते तू मनातून काढून टाक. तुझ्यावरचा माझा राग अजून थोडा शिल्लक आहे, कारण तू ताटलीचे दोन उपयोग मला सांगितलेस आणि ही एक गोष्ट सांगितली नाहीस. पण ते आपण भांडून घेऊ. पुढच्या महिन्यात मुहूर्त आहे आणि आक्काला तो चालतो. भाविकला पुन्हा हळद लागू दे, त्याच्या मित्रांना गाडीवर हवे तितके पंजे उठवू देत. सकाळी वऱ्हाड इथेच थांबव. फेस मारायच्या वेळी मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. हवं तर कमळाला साक्षीला ठेव. बॉनेटवर मी स्वतः पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय. पाणी पिवळं जातं, चांगदेव. शेवटपर्यंत पिवळंच.

तुझाच,
केसरीनाथ